त्याच्याबद्दल दहा ओळी तू मागितल्यास, म्हणून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज वाचला, "सर, ९ डिसेंबरला शाळेत त्यांचा फोटो लावायचाय, मुलांसमोर वाचायला प्रेरणादायी अशा दहा ओळी द्या ना", आणि मग झोप काही लागली नाही. फोटो आपल्या शाळेतल्या, मी शिकवलेल्या त्या मुलाचा, जो १९७१ च्या युद्धात आयएनएस खुकरी या युद्धनौकेबरोबर समुद्रात गेला. तू जूनमध्ये शाळेत लागलीस आणि नव्या माणसाकडे असली कामं येतातच, पण हे काम तुझ्याकडे आलं याचा मला मनापासून आनंद झाला. डोळ्यांना बारीक दिसत नाही म्हणून फोनवर बोलून टाईप करतोय, नातू मधेमधे दुरुस्त करतो, वाक्यं लांबली तर सांभाळून घे.

दहा ओळी देणं अवघड नाही. मी एकदा दिल्यात. जानेवारी १९७२ मध्ये शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, मराठी शिकवायचो, भाषण चांगलं करतो असं गावात नाव होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की हा मुलगा आठवीत असताना भर वर्गात उभा राहून म्हणाला होता, "सर, मी देशासाठी प्राण देईन." लोकांनी डोळे पुसले. सभा संपल्यावर त्याची आई मागच्या बाजूने चालत माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मास्तरांनू, माझ्या झिलाक एवढा बोलाक येय नाय."

तो तोतरा होता गं. वाचायला उभा केला की पहिल्याच अक्षरावर अडायचा, कान लाल व्हायचे, पोरं हसायची, मग मी त्याला उभंच करेनासा झालो. चार वर्षं मी त्याला शिकवलं आणि त्या चार वर्षांत सलग एक अख्खं वाक्य त्याच्या तोंडून वर्गात मी ऐकलेलं नाही. आणि त्याच मुलाच्या तोंडी मी एक वाक्य घातलं, गावासमोर, त्याच्या आईसमोर. कुणी मला खोटं बोल म्हणून सांगितलं नव्हतं, ते वाक्य मला सुचलं आणि छान वाटलं, एवढंच. तिचा मुलगा समुद्राने नेला होता आणि जो काही थोडाफार आठवणीत उरला होता तो मी बदलून टाकला. म्हणून तुला दहा ओळी देत नाहीये. त्याऐवजी मला जे माहितीय ते सगळं देतो, त्यातलं काय घ्यायचं ते तू ठरव. फक्त एक कर, जे झालं नाही ते लिहू नको. एक ओळसुद्धा.

आधी युद्धाचं सांगतो, कारण मुलांना कारगिल माहीत असतं, ७१ म्हटलं की बांगलादेश एवढंच येतं. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला, त्याचीच आठवण म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन. त्यानंतर पाचच दिवसांनी खुकरी गेली. दीवच्या बाजूला शत्रूची पाणबुडी आहे असा सुगावा लागला होता म्हणून मुंबईहून आयएनएस खुकरी आणि आयएनएस किरपाण या दोन फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, तिला शोधायला गेल्या होत्या. ९ डिसेंबर १९७१, रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर. हंगोर नावाच्या त्या पाणबुडीने पहिला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाणारा बॉम्ब, किरपाणवर सोडला, तो फुटला नाही, दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत बोट पाण्याखाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाईफ जॅकेट एका खलाशाला देऊन टाकलं आणि ते बोटीबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. सात दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली.

हे सांगताना एक काळजी घे. कॅप्टन मुल्लांबद्दल आपल्याला माहिती आहे कारण वाचलेल्या खलाशांनी ती सांगितली. आपल्या मुलाबद्दल कुणीच काही सांगितलेलं नाही. त्याचं काम इंजिन रूममध्ये होतं, म्हणजे ड्युटीवर असेल तर पाण्याच्या पातळीखाली होता असं आपण समजू शकतो, पण त्या क्षणाला तो ड्युटीवर होता की जेवत होता की झोपला होता हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा "शेवटच्या श्वासापर्यंत लढला" वगैरे लिहू नको. एखादं मूल विचारेल, बाई, तो घाबरला असेल का? तर हो म्हण. वीसएक वर्षांचा होता.

१९४ हा आकडा मुलांना नुसता वाचून दाखवलास तर डोक्यावरून जाईल. तू असं कर, पोरांना घेऊन किनाऱ्यावर जा, ओहोटीला, आणि वाळूत दोरीने ३१० फूट मोज. खुकरीची लांबी तेवढी होती. दोन्ही टोकांना एकेक मुलगा उभा कर आणि मग मध्ये सगळी शाळा उभी कर, पाचवी ते दहावी, शिपाई आणि तुम्ही शिक्षक धरून. आपल्या शाळेचा पट हल्ली दीडशेच्या आतबाहेर आहे ना, माणसं मुंबईला गेली, घरं बंद, मुलं कमी. म्हणजे अख्खी शाळा उभी केलीस तरी त्या रात्री गेलेल्यांएवढी माणसं भरणार नाहीत. काही बोलू नको, नुसतं उभं राहू दे त्यांना दोन मिनिटं.

आता तो कसा होता ते.

गाबतांचं, म्हणजे मासेमारांचं घर, बाप रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. रापण लागली की गावातली सगळी हातं दोरीला लागतात, पोरांचीसुद्धा, त्यामुळे हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रांग असायची. आला तरी उशिरा, केसात वाळू, वहीच्या पानांना बांगड्याची खवलं चिकटलेली. एकदा भूगोलाच्या तासाला डुलक्या काढत होता म्हणून मी त्याला मारलं. पहाटे तीनपासून तो पाण्यात होता हे मला दुसऱ्या मुलाने नंतर सांगितलं. मी त्याला काही बोललो नाही नंतर, तेव्हा शिक्षक विद्यार्थ्याची माफी मागत नसत, पण मागता आली असती, कुणी अडवलं नव्हतं. हेही तुझ्यासाठी लिहितोय, कारण तुझ्या वर्गातही डुलक्या काढणारी मुलं असतील.

गणितात बरा, भाषेत रडतखडत. अक्षर वाईट. इंजिन म्हणजे मात्र जीव की प्राण, तेव्हा आपल्या बंदरात यांत्रिक होड्या नुकत्या दिसायला लागल्या होत्या आणि हा तासन्तास त्यांच्याकडे बघत बसायचा, कुणी हाताशी घेतलं तर आनंदाने काळाकुट्ट होऊन घरी जायचा. आणि एक गोष्ट, ही तू नक्की सांग मुलांना, भजनात तो अडखळायचा नाही. बोलताना प्रत्येक शब्दाला अडणारा मुलगा, पण सप्त्याला देवळात झांजा वाजायला लागल्या की खणखणीत गायचा, एक अक्षर चुकायचं नाही. तुझ्या वर्गात कुणी अडखळत बोलणारं असेल तर त्याच्याकडे न बघता सांग.

भरती का झाला? देशप्रेमाने झाला असं मी भाषणात म्हणालो होतो. खरं असं की १९६८ ला तो अकरावी झाला, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, त्याच्या आदल्या पावसात बापाची होडी फुटली होती, कर्ज होतं, मुंबईत गोदीत असणाऱ्या मामाने कळवलं की नेव्हीत घेतायत, जेवणखाण कपडे सगळं त्यांचं आणि वर पगार. गेला. पहिल्या पगाराचे पैसे घरी आले तेव्हा आईने देवाला नारळ दिला आणि उरलेल्यात तांदूळ भरले. हे मुलांसमोर सांगायला लाजू नको. कोकणातून शेकडो वर्षं मुलं पलटणीत आणि बोटीवर गेली ती बहुतेक अशीच गेली, घर चालावं म्हणून, आणि म्हणून ती कमी पडली असं नाही. आमच्या मुलाने पोटासाठी नोकरी धरली आणि ती नोकरी जिथे घेऊन गेली तिथपर्यंत तो गेला, मागे फिरला नाही. मला तर हे त्या प्राण देईन वाक्यापेक्षा जड वाटतं.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको असा दोन दिवस विचार करत होतो.

तार माझ्याकडे आली होती वाचायला. तेव्हा गावात इंग्रजी वाचणारे आम्ही तीनचार जण, पोस्टमन सरळ शाळेत घेऊन आला. तारेत "मिसिंग" असा शब्द होता. मी त्याच्या घरी गेलो, ओटीवर सगळी जमलेली, आणि माझ्याने "गेला" म्हणवेना, मी म्हणालो, "तो सापडत नाहीये." खोटं नव्हतं, तारेत तेच होतं. पण तिने तो शब्द घट्ट धरला. हरवलेलं सापडतं. नंतर रीतसर पत्र आलं की मृत समजण्यात येत आहे, तेही मीच वाचलं, पण "समजण्यात येत आहे" म्हणजे काय हो मास्तर, म्हणजे त्यांना पण नक्की माहीत नाही ना? शिवाय आपल्याकडे सगळ्यांच्या कानावर रामदास या प्रवासी बोटीच्या गोष्टी. १७ जुलै १९४७ ला रामदास बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि तरी कोण कोण पोहत बाहेर आला, घरच्यांनी आशा सोडलेली आणि माणूस दारात उभा, असं लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले. तिला पोहत येणारा मुलगा होता. तिने दर्भाचा पुतळा करून क्रिया करायला साफ नकार दिला.

मग पेन्शन सुरू झाली. आणि तिचा हिशोब आणखीनच पक्का झाला, "मेल्यार पगार कोण दिता? झिलाचो पगार इलो." पेन्शन आणि पगार यातला फरक मी तिला एकदा समजावून सांगायला गेलो आणि अर्ध्यावर थांबलो.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो तुला माहितीय, पेन्शन घेणारं माणूस जिवंत आहे म्हणून. तो फॉर्म मी भरून द्यायचो, ती अंगठा द्यायची. चौथं की पाचवं वर्ष असेल, फॉर्म भरून झाला, ती उठेना. म्हणाली, "माझो भरलास. आता त्याचो पण भरा."

बाळ, मी इतकी वर्षं शिकवलं, अनेक प्रश्नांपुढे गप्प बसलो असेन, पण तसा गप्प कधी बसलो नाही. खोटा फॉर्म तर भरता येत नव्हता. नाही म्हणायचं धैर्य नव्हतं. मी टेबलावरचा कोरा फुलस्केप ओढला आणि म्हणालो, सांग, काय लिहू. ती म्हणाली, लिवा, बांगड्याचा डोका तोच खायचो, बहिणीला द्यायचो नाही. मी लिहिलं. म्हणाली, गडगडलं की अजून माझ्या कुशीत यायचो, मॅट्रिक झालो तरी. लिहिलं. तळाशी तारीख घातली, तिने अंगठा दिला आणि घडी करून माझ्याकडेच ठेवा म्हणाली. पुढे दर नोव्हेंबरला तसंच, आधी तिचा दाखला, मग त्याचा. कधी दोन गोष्टी, कधी एक, कधी नुसतं "यंदा काय आठवणा नाय" एवढंच, तरी ते लिहून अंगठा. १९९४ ला ती गेली तोपर्यंत.

त्यातले बरेच कागद माझ्या पेटीला वाळवी लागली तेव्हा गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं, पत्र्याच्या पेटीत ठेवायला हवे होते. पाच उरलेत. नातवाबरोबर पाठवतो, झेरॉक्स काढून परत कर, फोटो काढलास तरी चालेल, पण बॅनरवर छापू नको. मुलांना वाचून दाखवायचे तर त्याच्या बहिणीला आधी विचार.

हो, बहीण आहे. जेटीकडे उतरताना डाव्या हाताला, माडात, कौलांचं घर. सत्तरीला टेकलीय. काहीही ठरवायच्या आधी तिच्याकडे जा, फोटोसाठी पाहुणा कोण बोलवायचा, हार कुठून आणायचे हे सगळं नंतर. रिकाम्या हाताने गेलीस तरी चालेल, घाईत जाऊ नको. गेल्या गेल्या मोबाईल समोर धरू नको, मासे साफ करत असेल तर बाजूला बस, ती आपणहून बोलेल. आणि कार्यक्रमाला तिला बोलव, पण खुर्ची कुठे हवी ते तिलाच विचार. मागे एका सोहळ्यात तिला दोन तास उन्हात बसवून ठेवलं, पाहुणे उशिरा आले, मग शाल घातली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणून माईक तोंडाशी नेला. बिचारीच्या तोंडून शब्द फुटेना, आणि मला तिच्या जागी तो दिसला, वर्गात उभा, कान लाल. तसं पुन्हा होऊ देऊ नको.

२०२३ ला नौदल दिन आपल्याकडे झाला, तारकर्लीला, तेव्हा ती मुलाच्या गाडीवर बसून गेली होती बघायला. गर्दीत लांबूनच बघितलं, समुद्रात बोटीच बोटी, रात्री दिव्यांनी उजळलेल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि विचारलं, भावाची बोट केवढी होती? त्या वयात पहिल्यांदा तिने हे विचारलं. मी तिला घेऊन अंगणातून पाणंदीपर्यंत पावलं मोजत चाललो, माझे गुडघे दुखत होते तरी. वाळूत दोरी मोजायचं मला तिथूनच सुचलं.

दीवला खुकरीचं स्मारक आहे, समुद्राकडे तोंड करून, काचेत बोटीची छोटी प्रतिकृती ठेवलीय. मी जाऊन आलोय. दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक २०१९ ला झालं, तिथे ग्रॅनाईटवर एकेकाचं नाव कोरलंय. नाव कोरणं ही मोठी गोष्ट आहे हे तुला आपल्याकडच्या जुन्या शिळा बघितल्यास की कळेल. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव दगड बसवले, या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, बस. नावं नाहीत, फक्त आकडा. आता त्या गावांत विचारलं तरी ते कोण होते हे सांगणारं कुणी मिळत नाही. त्याउलट माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, रायगडातल्या शेतकऱ्याचा मुलगा, १० जुलै १९४४ ला इटलीत गेला, बावीस वर्षांचा, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचाही देह मिळाला नाही. पण नाव आहे, गाव आहे, म्हणून माणूस आहे. आपल्या मुलाला पदक नाही मिळालं, १९४ मधला एक. त्याचं नाव शाळेत राहायचं तर ते तुमच्या हातात आहे, आणि नुसत्या नावाने भागणार नाही, बांगड्याचं डोकंही लागेल.

भाषणात पाकिस्तानला शिव्या घालायच्या नाहीत असंही सांगतो. टाळ्या मिळतात, मला माहितीय. पण तो दिवस त्याचा आहे, त्याच्या वाट्याची पाच मिनिटं दुसऱ्या कुणावर खर्च करू नको. आणि कुणी मुलगा पुढे येऊन म्हणाला की मलाही नेव्हीत जायचंय तर लगेच पाठ थोपटून मोकळी होऊ नको. त्याला बसव, का जायचंय विचार, घरी कोण आहे विचार, पोहता येतं का, गणित कसं आहे, परीक्षा कधी असते ते नीट शोधून दे. जायचं असेल तर तयारीने जाऊ दे.

अजून एक काम आहे आणि ते तुलाच जमेल. ऑफिसातल्या कपाटात जुनं जनरल रजिस्टर असेल, लाल कापडात बांधलेलं, ते कायमस्वरूपी ठेवावं लागतं म्हणून असणारच. १९६४ ची जूनची पानं काढ, त्यात त्याचं नाव सापडेल, बापाचं नाव, धंदा मासेमारी, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. जन्मतारखेचा रकाना बघ. बहुतेक १ जून असेल, तेव्हा ज्या मुलांची तारीख घरी ठाऊक नसायची त्या सगळ्यांना गुरुजी १ जून लावून टाकायचे, अर्धी शाळा एकाच दिवशी जन्मलेली. तो कधी गेला हे आपल्याला जवळपास मिनिटापर्यंत माहितीय आणि कधी आला ते माहीत नाही.

त्याची आई एकदा म्हणाली होती की तो झाला तेव्हा दारात रोंबाट आलेलं होतं. म्हणजे शिमगा. पण कुठलं साल, शिमग्याची कुठली रात्र, हे मी तेव्हा विचारलं नाही, कागदावर लिहिलं होतं की नाही तेही आठवत नाही, उरलेल्या पाचांत तरी नाही. बहिणीला विचारून बघ, आईने तिला कधी सांगितलं असेल. सांगितलं तर मला रात्री उशीर झाला तरी फोन कर, मी जागा असतो.

तुझा,
सर